भिवंडीत नेट गेलं, पण गेलं नेमकं कुठं? पीसीसमोर बसून असं शोधा

संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. दापोड्याच्या गोडाऊनवर ट्रक लोड होऊन उभा आहे. अंधार पडायच्या आत मानकोली नाका पार करायचा म्हणून ड्रायव्हर घाई करतोय. आणि इकडे कामतघरला घरून हिशोबाचं काम बघणारा माणूस पीसीसमोर डोक्याला हात लावून बसलाय, कारण ई-वे बिल काढायला पोर्टलच उघडत नाही. खाली कोपऱ्यात लिहिलंय, नो इंटरनेट. आणि ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही.

भिवंडीत हे चित्र कुणाला नवीन नाही. ट्रकच्या जागी कुणाच्या पोराचा ॲडमिशनचा फॉर्म असतो, कुणाचं २० तारखेचं जीएसटी रिटर्न असतं. पुढचा सीन मात्र सगळीकडे सारखाच. राऊटर बंद करून चालू करायचा, केबलवाल्याला फोन लावायचा, त्याने उचलला नाही की परत राऊटर बंद-चालू करायचा.

बंद-चालू करणं चूक नाही. बऱ्याचदा त्यानेच काम होतं. पण त्यानं झालं नाही, की नेट "गेलंय" एवढंच आपल्याला माहीत असतं आणि तेवढंच आपण केबलवाल्याला सांगतो. तो म्हणतो, "आमच्याकडून चालू आहे." आणि विषय तिथेच अडकतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा की नेट तुटलंय कुठं? पीसी ते राऊटर, राऊटरमध्ये, राऊटर ते गल्लीतला बॉक्स, की त्याच्याही पुढे? हे घरबसल्या दहा मिनिटांत कळतं. कसं, तेच बघूया.

आधी गाडी सोडा, मग नेट बघा

शोधाशोध नंतर. काम अडलं असेल तर मोबाईलचं नेट पीसीला द्या. डेस्कटॉपला वायफाय नसेल तरी अडत नाही. चार्जिंगच्या केबलने फोन पीसीला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. पीसीला ते वायरचं नेट वाटतं. फक्त चार्जिंगपुरतीच चालणारी स्वस्तातली केबल असेल तर टेदरिंगचा पर्याय उमटतच नाही, तेव्हा दुसरी केबल लावून बघा. ई-वे बिल तर एसएमएसवरूनही काढता येतं, फक्त त्यासाठी मोबाईल नंबर आधी पोर्टलवर नोंदवून ठेवावा लागतो. हे ज्या दिवशी नेट चालू आहे त्या दिवशी करून ठेवायचं काम आहे.

गाडी गेली? आता बसा निवांत.

पहिली परीक्षा मोबाईलची

फोनचा मोबाईल डेटा बंद करा, घरच्या वायफायला जोडा आणि एखादी वेबसाईट उघडा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि आपण म्हणतो वायफाय मस्त चालू आहे.

फोनवर चालतंय आणि पीसीवर नाही, तर भानगड पीसीत किंवा पीसीच्या वायरीत आहे. केबलवाल्याला फोन करायची गरजच नाही. दोन्हीवर बंद असेल तर पीसीला हात लावू नका, राऊटरकडे चला. आणि फोनवर, पीसीवर सगळं उघडतंय, फक्त एकच ॲप बंद आहे, तर तुमच्या घरात काहीच बिघडलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय का? रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टा तिन्ही एकदम बंद पडले आणि साधारण सहा तास बंद राहिले. त्या रात्री किती जणांनी आपापले राऊटर बडवले असतील याचा हिशोब नाही. चूक त्या कंपनीच्याच नेटवर्कमध्ये होती.

लाल दिवा काय सांगतो

आता भिंतीवरच्या त्या पांढऱ्या बॉक्सकडे बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर त्यावर पॉवर, पॉन, एलओएस, लॅन, वायफाय अशी नावं असलेले छोटे दिवे असतात. यातले दोनच महत्त्वाचे, पॉन आणि एलओएस.

एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काच, आणि तिच्यातून वीज नाही तर प्रकाश येतो. हा प्रकाश बॉक्सपर्यंत पोचलाच नाही की एलओएस लाल होतो. सगळं ठीक असेल तर बहुतेक बॉक्सवर हा दिवा बंद असतो आणि पॉन हिरवा स्थिर असतो. पॉन नुसताच लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण समोरच्या मशीनशी बोलणं जुळत नाहीये.

एलओएस लाल असेल तर विंडोजमध्ये कितीही सेटिंग बदला, काडीचा उपयोग नाही. एवढंच बघा की घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कुठं मुडपली आहे का, कपाटामागे चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का. तांब्याची वायर दुमडली तरी चालून जातं. काचेची दुमडली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. वायरीचं टोक काढलंच, तर त्यात डोळा घालून बघू नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे "काही येत नाहीये" असं वाटतं, पण तो लेझरचा प्रकाश असतो. टोकाला बोट लावलं तरी तेलकटपणा बसून सिग्नल पडतो.

बाहेर वायर तुटायला भिवंडीत कारणांची कमी नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झालं. तिचा पहिला टप्पा कापूरबावडीपासून धामणकर नाक्यापर्यंतचा. जोडीला रस्त्यांचं काँक्रीटीकरण, गटारं, पाण्याच्या लाईनी आहेतच. जेसीबीला खाली काय आहे ते दिसत नाही. हा प्रश्न देशभरचा आहे. खोदण्याआधी जमिनीखालच्या वायरींच्या मालकाला कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. बेशिस्त खोदकामामुळे दरवर्षी साधारण ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. आणि आपल्याकडे अर्ध्या वायरी जमिनीखाली नाहीतच, त्या एका बिल्डिंगवरून दुसरीवर लोंबकळत जातात. उंच माल भरलेला टेम्पो गल्लीत शिरला की त्यातली एखादी घेऊनच जातो.

दिवा लाल नाही, पण नेट दिवसातून दहा वेळा जातं-येतं, हा प्रकार जास्त छळतो. त्यासाठी एक आकडा माहीत असावा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, अर्थातच इंग्रजी अंकांत. बॉक्सचं पान उघडेल. पत्ता आणि पासवर्ड बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर असतो. त्यात ऑप्टिकल किंवा पॉन माहितीखाली येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो, डीबीएममध्ये आणि मायनसमध्ये. मायनस १८, मायनस २० असेल तर उत्तम. मायनस २५ च्या खाली जायला लागला की काळजी, आणि मायनस २७ च्या आसपास बहुतेक बॉक्स दम तोडतात. गंमत अशी की दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मायनस २० चा मायनस २६ झाला, तर येणारा प्रकाश चौथाईवर आला. एखादा सैल जोड, एखादं जास्तीचं वळण, पावसात जॉइंटच्या डबीत शिरलेलं पाणी एवढं पुरतं.

लाईन चांगली चालू असतानाच हा आकडा लिहून ठेवा. नंतर तक्रार करताना "आधी मायनस १९ होता, आता मायनस २६ आहे" म्हणालात, की समोरचा तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला सांगत नाही, माणूस पाठवतो. काही कंपन्यांनी हे पान लपवलेलं असतं, मग टेक्निशियन आला की त्याच्या मीटरवरचा आकडा विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र करू नका. बॉक्सच्या मागे बारीक भोकात एक रिसेटचं बटण असतं. पिन घालून ते दाबलं की बॉक्स बंद-चालू होत नाही, तो कोरा होतो. कंपनीने भरलेला आयडी, पासवर्ड, सेटिंग सगळं जातं. बऱ्याच बॉक्समध्ये मग टेक्निशियन आल्याशिवाय नेट परत येत नाही. पाच मिनिटांचा प्रॉब्लेम दोन दिवसांचा करायचा हा हमखास उपाय, आणि मी तो स्वतः करून बसलेलो आहे.

लाईट गेली की नेट का जातं

भिवंडीत लाईटचा विषय काढला की चर्चा लांबते, म्हणून मुद्द्यापुरतंच. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे, राऊटर चालू आहे, तरी लाईट जाताच नेट गेलं, तर तुमच्याकडे येणारी वायर नीट बघा. ती जाड निळी किंवा करडी लॅन केबल असेल आणि थेट बाहेरून येत असेल, तर तुमचं नेट बिल्डिंगच्या टेरेसवरच्या किंवा जिन्यातल्या एका स्विचवरून येतंय. तो स्विच विजेवर चालतो. त्याची लाईट गेली की तुमचं नेट गेलं, तुमचा इन्व्हर्टर काहीही करू शकत नाही. शिवाय लॅन केबलची मर्यादा १०० मीटरची. त्याहून लांब ओढलेली वायर एक दिवस चालते, एक दिवस रुसते.

घरापर्यंत फायबर असेल तर गोष्ट वेगळी. ऑपरेटरच्या मशीनपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये जे स्प्लिटर बसवलेले असतात, ते काचेचेच असतात आणि त्यांना वीज लागतच नाही. त्यामुळे घरच्या बॉक्सला १२ व्होल्टचा छोटा राऊटर यूपीएस लावला, तर अख्ख्या गल्लीत अंधार असतानाही नेट चालू राहू शकतं, फक्त ऑपरेटरकडे बॅकअप हवा. नवं कनेक्शन घेताना स्पीडआधी विचारायचा प्रश्न हा आहे की घरापर्यंत फायबर देणार की लॅन.

राऊटर आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी त्याच्या ॲडॉप्टरवर संशय घ्या. विजेच्या चढउताराने तो अशक्त होतो. दिवे लागतात, पण वायफायवर लोड आला की राऊटर बसतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावून बघा. घराखाली लूम चालत असतील तर कापसाची धूळ बॉक्सच्या जाळीत आणि पीसीच्या पंख्यात साचते, मग गरम होऊनही हाच प्रकार होतो. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झटका, बस्स.

आता पीसीकडे

फोनवर चालतंय, पीसीवर नाही, अशी ज्यांची केस आहे त्यांनी इथे यावं. आधी सोप्या गोष्टी. वायरचं टोक पीसीच्या मागे 'टक' आवाज येईपर्यंत बसलंय का? ती प्लास्टिकची जीभ तुटली की वायर अर्धवट बाहेर सरकते. लॅपटॉपवर चुकून फ्लाईट मोड दाबला गेलाय का?

मग कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, सीएमडी टाइप करा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, इथे फक्त दोन शब्द लागतात. पहिला आयपीकॉन्फिग. तो टाकला की पीसीचा पत्ता दिसतो. १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर राऊटरने पीसीला पत्ता दिलाय, म्हणजे दोघांची ओळख आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे विंडोजने स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. याचा अर्थ वायर, पोर्ट किंवा वायफायचा जोड बिघडलाय. वायर बदलून, राऊटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

दुसरा शब्द पिंग. पिंग, मग जागा सोडून ८.८.८.८. हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. उत्तर आलं म्हणजे पीसी ते इंटरनेट रस्ता मोकळा आहे. तरीही ब्राउझरमध्ये साईट उघडत नसेल, तर भानगड डीएनएसची, म्हणजे साईटच्या नावावरून नंबर शोधून देणाऱ्या व्यवस्थेची असू शकते. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकला की बऱ्याचदा प्रश्न सुटतो. नाही सुटला, तर सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू आहे का ते बघा. फुकटचे व्हीपीएन आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स प्रॉक्सी चालू करून जातात, मग पिंग चालतं आणि ब्राउझर मात्र बंद.

अधूनमधून तुटणाऱ्या नेटचा चोर पकडायचा असेल तर पिंगचीच एक युक्ती आहे. दोन काळ्या खिडक्या शेजारी उघडा. एकीत राऊटरच्या १९२.१६८.१.१ ला पिंग करा, दुसरीत ८.८.८.८ ला, आणि दोन्हींच्या शेवटी जागा सोडून मायनस टी लावा, म्हणजे पिंग न थांबता चालत राहतं. आता आपलं काम करत बसा. नेट तुटलं की बघा, दोन्ही खिडक्या थांबल्या तर चोर घरातला, म्हणजे वायफाय, वायर किंवा राऊटर. राऊटरची चालू आणि गुगलची थांबली तर चोर बाहेरचा. त्या क्षणी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. "आमच्याकडून चालू आहे" या वाक्याला याच्याइतकं चांगलं उत्तर नाही.

जुन्या पीसीवाल्यांनी घड्याळही बघावं. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की वीज गेल्यावर पीसीची तारीख काही वर्षं मागे जाते. मग नेट चालू असूनही बँकेची साईट, जीएसटी पोर्टल "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून दार लावतात, कारण प्रत्येक साईटच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटला मुदत असते आणि पीसीच्या मते ती अजून सुरूच झालेली नसते. तारीख नीट करा, सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

काहींकडे राऊटर नसतो, पीसीतच 'ब्रॉडबँड कनेक्शन' वर क्लिक करून नेट जोडतात. तिथे एरर ६९१ आली तर आयडी-पासवर्ड चुकलाय किंवा प्लॅन संपलाय. ६५१ आली तर पीसीची हाक समोर पोचतच नाहीये, म्हणजे बहुधा वायर किंवा स्विच. आणि नेटवर्क रिसेट हा पर्याय शेवटचा ठेवा. त्यात हे कनेक्शन आणि वायफायचे पासवर्ड दोन्ही पुसले जातात.

नेट आहे, पण स्लो आहे

यातल्या निम्म्या तक्रारी हिशोबाच्या असतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटचा एक बाईट, म्हणून डाऊनलोड १२.५ एमबी प्रति सेकंदच्या वर जाणारच नाही. तेवढं येत असेल तर फसवणूक झालेली नाही. २०० किंवा ३०० चा प्लॅन असून बरोबर ९०-९५ वर गाडी अडत असेल, तर लॅन केबल बघा. आत तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वर जायला चारही लागतात, एक तुटली तरी नेट चालतं, पण १०० वर थांबतं. जुनं लॅन पोर्टही तिथेच अडकतं.

वायफायचं गणित वेगळं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पद्मानगरच्या एखाद्या बिल्डिंगमध्ये वायफायची यादी उघडली तर वीस नावं दिसतात, ती सगळी या तिघांत कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत असेल तर ते वापरा, फक्त ते भिंतीपलीकडे लवकर दमतं. डेस्कटॉप एका जागी असतो, त्याला वायरच लावा.

तक्रार कुठं करायची

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तो बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. सर्चमध्ये पेरलेल्या खोट्या नंबरांवरचा माणूस गोड बोलून स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतो, पाच रुपये भरायला सांगतो आणि खातं रिकामं करतो. तसं झालंच तर लगेच १९३० ला फोन करा.

तक्रार केली की डॉकेट नंबर घ्या. फोनवरचं "बघतो" म्हणजे तक्रार नव्हे. वेळेत काम झालं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि ट्रायच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे त्यांना टॅग करून फार काही होत नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे.

आणि गल्लीतल्या केबलवाल्याला फोन करताना "नेट चालत नाही भाऊ" एवढंच म्हणू नका. "एलओएस लाल आहे, घरातली वायर तपासली, शेजारच्यांचंही बंद आहे," असं सांगा. शेजारच्यांचंही बंद असेल तर तो आधी नाक्यावरचा जॉइंट उघडेल, तुमचं दार वाजवणार नाही.